कडी मुलीच्या हाताला लागते का?

पत्र

माईंना सप्रेम नमस्कार,

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या मुलींच्या एका बालगृहात गृहमाता आहे. आमच्याकडे 6 ते 16 वयाच्या 24 मुली आहेत. संडास चार आहेत, न्हाण्या तीन. चारांपैकी एक संडास कर्मचाऱ्यांसाठी ठेवलाय. एक गेल्या पावसात तुंबला तो तुंबलाच, आता त्यात जुन्या खाटा आणि पत्रे आहेत. पाणी विहिरीचं. पावसाळा लागला की दोन दोन दिवसांनी कुणा ना कुणाचं पोट बिघडतं.

आठ आणि नऊ वर्षांच्या दोन मुली रोज रात्री अंथरूण ओलं करतात. त्यातली एक आठ महिन्यांपूर्वी चिऱ्यांच्या खाणीवरच्या झोपडीतून आली. वरून सांगणं आलंय की त्यांना संध्याकाळी सहानंतर पाणी द्यायचं नाही आणि गादी त्यांनीच सगळ्यांसमोर उचलून बाहेर टाकायची, म्हणजे लाज वाटेल आणि सवय जाईल. मला ते बघवत नाही.

आता एक देणगीदार तीन लाख देणार आहेत. नवीन संडास, टाइल्स, कमोड असं त्यांच्या मनात आहे. आमचे सचिव खूश आहेत. मला वाटतं पैसे चुकीच्या जागी जाणार, पण नेमकं काय चुकतंय ते मला मांडता येत नाही. मी पगारी बाई. काय बोलू आणि कसं बोलू?

— एक गृहमाता

उत्तर

प्रिय ताई,

तीन लाखांचं आपण मागाहून बघू. आधी त्या दोन लेकींचं बघू, कारण तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींचं टोक तिथेच आहे.

गादी सगळ्यांसमोर उचलायला लावणं आजपासून बंद करा. उद्यापासून नव्हे. हे सांगायला तुम्हांला कुणाची परवानगी नको. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या मूलभूत तत्त्वांत मुलाची प्रतिष्ठा आहे, त्याचं खासगीपण आहे. शिस्त लावण्यासाठी मुलाला शारीरिक शिक्षा करायला तर त्या कायद्याने संस्थांना बंदीच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी 31 वर्षं आरोग्यखात्यात घरोघर फिरले, लाज वाटून अंथरूण कोरडं झालेलं एकही मूल मी पाहिलं नाही. लाजेने मूल जागं राहतं, पहाटे थकून गाढ झोपतं, आणि तेव्हाच अंथरूण ओलं होतं.

पाणी तोडायचंही नाही. दिवसभर पोटभर पाणी पिऊ द्या, शाळेतसुद्धा. झोपण्याआधीचा तास-दीड तास तेवढं थोडं कमी. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, आणि उशाशी एक कोरडी चादर नि एक कोरडा फ्रॉक. रात्री ओलं झालं तर तिने कुणाला न उठवता बदलावं आणि ओलं झाकणाच्या बालदीत टाकावं. सकाळी ती बालदी तुम्ही उचला. बाकीच्या बावीस मुलींना कळायचं कारण नाही.

दोघींना एकदा आरोग्य केंद्रात नेऊन लघवी तपासून घ्या. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा, की शौचाला किती दिवसांनी होते. हे तुम्हांला त्या दोघींना विचारूनच कळेल. मला जवळजवळ खात्री आहे की तीन-तीन, चार-चार दिवस होत नसणार. पोटात मळ साठून राहिला की तो पुढे मूत्राशयावर दाबतो. मग मूत्राशयात जेमतेम अर्धं मावतं आणि रात्री आपसूक सुटतं. म्हणजे अंथरूण ओलं होतं त्याचं मूळ पुष्कळदा पोट साफ नसण्यात असतं. पोट साफ का नाही? कारण मूल दाबून धरतं. दाबून का धरतं? कारण त्याला त्या संडासात जायचं नसतं.

इथे एक गंभीर गोष्ट सांगून ठेवते. पूर्वी कोरडी राहणारी मुलगी एकाएकी ओलं करू लागली, किंवा एखाद्या ठरावीक जागेला, ठरावीक माणसाला भिऊ लागली, तर ते संडासापुरतं आहे असं धरून चालू नका. तिला प्रश्नांनी घेरू नका, ती जे सांगेल ते ऐका, आणि शंका आली तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा बाल कल्याण समितीकडे कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं 2012च्या पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. सचिव काय म्हणतील याची वाट बघायची नाही.

आता संडासाकडे येते.

मी नोकरीत असताना एका संस्थेत मुलींची तपासणी करायला गेले होते. गाव सांगत नाही. तिथे एका संडासाच्या दाराला आतून सुतळीचा तुकडा बांधलेला दिसला. मला वाटलं कडी मोडलीय. कडी धड होती, पण माझ्या खांद्याच्या उंचीवर. सात वर्षांच्या मुलीचा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणून तिने दाराला सुतळी बांधली होती आणि बसल्यावर तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळून दार ओढून धरायची. एका हातात मग, दुसरा हात भिंतीला, अंगठ्याला सुतळी. अशा स्थितीत कुणाला शौचाला होईल? ती शाळेतून आल्यावर जायची, रात्री कधीच नाही. तपासणीच्या कागदावर त्या संस्थेत संडासांची संख्या बरोबर होती. मीच तो कागद भरला होता.

म्हणून तुम्हांला पहिलं काम सांगते ते पैशाचं नाही. एका रात्री दोन वाजता उठा. लहान मुली झोपतात त्या खोलीतून, दिवा न लावता, अनवाणी संडासापर्यंत चालत जा. वाटेत पावसाचं पाणी साचलंय का, कुत्रं बसलंय का, दिव्याचं बटण कुठल्या उंचीवर आहे, ते बघा. आत जाऊन गुडघ्यांवर बसा आणि आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी वर बघा. कडी हाताला लागते का? नळ लागतो का? पाण्याने भरलेला मग एका हाताने उचलवतो का? चड्डी ठेवायला खुंटी आहे की ओल्या जमिनीवरच ठेवायची? भोक केवढं दिसतं? खाणीवरच्या झोपडीतून आलेल्या पोरीने आठ महिन्यांपूर्वीपर्यंत संडास पाहिलाच नसेल. उघड्यावर, उजेडात, आईबरोबर जायची सवय. तिला अंधाऱ्या चार भिंतींत एकटीने आत पडायची भीती वाटते, यात तिचं काय चुकलं?

या गोष्टींना लागणारा पैसा तुमच्या किरकोळ खर्चात बसेल. प्रत्येक दाराला खाली, अडीच-तीन फुटांवर दुसरी कडी. ती अशी घ्या की आत कुणी अडकलं तर बाहेरून नाण्याने फिरवता येईल. वीज गेली तरी काही तास जळणारे ते बॅटरीचे बल्ब मिळतात, तसा एक संडासात आणि एक वाटेवर. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून साधा बल्ब नको. खुंट्या खाली. लहान, हलके मग. आणि साबण कपाटात नव्हे, नळापाशी. साबण नाहीसा होतो म्हणून कुलपात ठेवतात हे मला ठाऊक आहे. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधून ठेवा, जात नाही. गेलाच तर दुसरा आणा, हगवणीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतो.

पहिले काही आठवडे त्या दोघींबरोबर रात्री झोपण्याआधी तुम्ही किंवा एखादी मोठी मुलगी दारापर्यंत जा आणि बाहेर उभ्या राहून बोलत राहा. आवाज ऐकू येत असला की पोर निवांत बसते. सकाळी न्याहारीनंतर दहा मिनिटं शांतपणे बसायला द्या. शाळेच्या घाईत 24 मुलींना दोन संडास म्हटल्यावर मागून दार वाजणारच, आणि दार वाजलं की बसलेली अर्धवट उठते.

ते दोन संडास. बाल न्याय कायद्याखालच्या 2016च्या आदर्श नियमांत सात मुलांमागे निदान एक संडास आणि दहा मुलांमागे निदान एक न्हाणी सांगितलीय, आणि त्या उजेडाच्या, हवेशीर हव्यात. 24 मुलींना चार संडास आणि तीन न्हाण्या, म्हणजे तुमचं बालगृह कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात एका संडासामागे बारा मुली आहेत. म्हणजे तुमच्याकडे संडास कमी नाहीत, बंद आहेत. तुम्हांला मांडता येत नव्हतं म्हणालात, ते हेच. नवीन बांधण्याआधी खाटा आणि पत्रे बाहेर काढा, तुंबलेला मोकळा करा आणि कर्मचाऱ्यांचा सकाळच्या दोन तासांसाठी तरी मुलींना उघडा.

तो तुंबला का, याचा शोध मात्र नीट घ्यायला हवा. मोठ्या मुलींचे पॅड भांड्यात पडतात का बघा. पडत असतील तर त्यांचाही इलाज नाही, टाकायला दुसरी जागाच दिलेली नसते. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. गुंडाळलेले पॅड सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून पंचायतीच्या गाडीला द्या. कापड वापरणाऱ्या मुली ते गादीखाली लपवून वाळवतात. आपल्या पावसात ते वाळत नाही, कुबट होतं, आणि मग खाज सुटते. पत्र्याच्या पडवीत, मुलींच्याच वाटेवर, वारा लागेल अशी एक दोरी त्यांच्यासाठी वेगळी बांधा. तिथे कुणी पुरुष कर्मचारी जाणार नाही एवढं ठरवून घ्या.

पॅड नसतील तर बहुधा टाकी भरलीय. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, आणि मी विचारते तिथे लोक सांगतात की बांधल्यापासून उपसलीच नाही. टँकर बोलावून यंत्रानेच उपसून घ्या. कुणी स्वस्तात माणूस उतरवतो म्हणाला तर साफ नकार द्या. 2013च्या कायद्याने ते गुन्हा आहे, आणि त्या टाकीतल्या वायूने माणूस शिडीवरून परत वर येत नाही. टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधायला सांगा, पुष्कळ डास तिथूनच निघतात.

आणि विहीर. पावसात पोटं बिघडतात म्हणालात तेव्हा माझं लक्ष पहिलं सोकपिटाकडे, म्हणजे सेप्टिक टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे गेलं. आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वरून ओतलेलं पाणी वाळूतल्यासारखं गाळून निघत नाही, भेगांतून सरळ वाट काढतं. सोकपिट आणि विहीर यांत निदान 18 मीटर, म्हणजे 60 फूट अंतर असावं, आणि जांभ्यात त्याहून जितकं लांब तितकं चांगलं. उद्याच पावलांनी मोजा. सोकपिट चढावर आणि विहीर उतारावर असेल तर अंतर पुरेसं असूनही मला ते चालणार नाही.

आरोग्य केंद्रात पाणी तपासायची छोटी बाटली मिळते का विचारा. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरून ती नुसती खोलीत ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळतोय असं समजायचं. ब्लीचिंग टाकण्याआधीचं पाणी घ्या, नाहीतर खोटी खात्री पटेल.

तोवर पिण्याचं पाणी चांगलं खळखळून उकळा, आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर मोजून टाका, मूठ मूठ नको. हिशेब सोपा आहे. विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी अडीच मीटर असेल तर ते साधारण साडेसतरा हजार लिटर होतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे 44 ग्रॅम. बालदीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बालदीत ओतून ती विहिरीत सोडून हलवा. रात्री शेवटचं पाणी काढल्यावर करा. निदान तासभर तरी ते पाणी काढायचं नाही. पावसात विहीर वर येते, तसं माप वाढतं, म्हणून दर आठवड्याला दोरीने पाण्याची खोली बघा आणि पाण्यात क्लोरीन उरतं की नाही ते आरोग्यसेवकाकडून तपासून घ्या. आणखी एक, संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत, कुलपात.

आता तीन लाख.

देणगीदार चांगल्या मनाने देताहेत. त्यांना नाही म्हणायचं नाही, त्यांना पुढे काय लागतं ते दाखवायचं. कमोड नको, हे माझं ठाम मत आहे. लहान मुली त्याच्या काठावर उकिडव्या बसतात, पाय घसरतो, भांडं फुटतं आणि फुटलेली कड मांडी चिरते. साधं भारतीय भांडं, उताराचं, दोन-तीन लिटरांत साफ होणारं, बाजूला धरायला एक दांडी. एक कमोड मात्र ठेवा, पाय मोडलेल्या किंवा अपंग मुलीसाठी, दोन्हीकडे दांड्या लावून. गुळगुळीत टाइल्स नकोत, खरखरीत हव्यात.

पाण्याचं विचारा. वसतिगृहात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. 24 मुली आणि तुम्ही चार-पाच जणी म्हणजे पावणेचार ते चार हजार लिटर. वरची टाकी हजार लिटरची असेल तर नवीन संडास दुपारपर्यंत कोरडे पडतील आणि दोन महिन्यांत त्यांनाही कुलूप लागेल. असं बांधून बंद पडलेलं मी पाहिलंय.

म्हणून माझ्या मते त्या पैशातून आधी टाकी उपसावी, जुने चार दुरुस्त करावेत, पाण्याची टाकी मोठी करावी आणि गरज असेल तर सोकपिट हलवावं. खोदकाम दसऱ्यानंतर, आता खड्डा खणला तर त्यात तळंच होईल. आतली डागडुजी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आठवड्यात करावी असं तुमच्या मनात येईल, कारण ज्यांना घर आहे त्या मुली तेव्हा जातात. पण त्या दिवसांत गवंडी मिळत नाही, आणि मागे राहिलेल्या चार-पाच मुलींना सणात सिमेंटच्या गोण्यांशेजारी बसवू नका. चवथ झाल्यावर करा.

उरलेल्या पैशातून दिवसातून दोनदा संडास धुणाऱ्या बाईचा पगार आणि फिनाईल, ब्रश, साबण यांची दोन-तीन वर्षांची तरतूद मागा. देणगीदारांना हे कमी आवडतं, म्हणून त्यांना समजावून सांगावं लागतं. आत्ता संडास कोण धुतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. शिक्षा म्हणून मुली धूत असतील तर ते थांबवा. वापरल्यावर दोन मग पाणी ओतणं ही सवय, ती लावाच. चूक केली म्हणून संडास घासायला लावलं की त्या जागेची किळस आणि शिक्षा यांची गाठ बसते, आणि आपण पुन्हा दाबून धरण्यापाशी येतो. उद्या यातली एखादी लेक संगोपनासाठी एखाद्या कुटुंबात जाईल. तिथे तिने पहिल्या रात्री मोकळेपणाने विचारावं, ‘संडास कुठे आहे?’

तुम्ही पगारी बाई आहात हे मला समजतं, म्हणून एकट्याने भांडू नका. नियमांप्रमाणे तुमच्याकडे वयोगटांप्रमाणे मुलींच्या समित्या असायला हव्यात. त्यांची बैठक घ्या आणि एवढंच विचारा, संडासात जाताना काय नको वाटतं? लहानांना चित्र काढू द्या. जे येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा, कुणाचं नाव न घालता, आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी असतात त्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. इतिवृत्तात नोंद झालेली गोष्ट सचिवांना टाळता येत नाही, आणि ती तुमची तक्रारही राहत नाही. सचिवांना आधी एकट्यात दाखवा, तेवढा त्यांचा मान राखा. सात मुलांमागे एक हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि बंद दोन दारांपाशी त्यांना घेऊन जा. बहुतेक माणसं दारापाशी उभी केली की ऐकतात.

उद्घाटनाला मुलींना नवीन संडासासमोर उभं करून फोटो काढायचा नाही, हेही आताच सांगून ठेवा. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

या आठवड्यात खालची कडी आणि दोन बल्ब लावा. बाटली आणून खोलीत ठेवा. ती काळी पडली की नाही ते मला कळवा, आणि त्या दोघींना दर किती दिवसांनी शौचाला होतं तेही.

तुमची,
माई